मृत पेशींचे भक्षण आणि शोथाचा उपशम : एक अभ्यास

प्रस्तावना

व्रण असो, विद्रधी असो वा श्वसनक ज्वर असो, शोथ उत्पन्न कसा होतो याचे विवेचन आपण विद्यार्थिदशेपासून वाचत आलो आहोत. परंतु उत्पन्न झालेला शोथ शमतो कसा, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. हेतू दूर झाला की शोथ आपोआप ओसरतो, अशीच बहुतेकांची समजूत असते. 1989 नंतरच्या संशोधनाने ही समजूत अपुरी ठरवली आहे. शोथाचा उपशम ही शरीराने स्वतः घडवून आणलेली क्रिया असून, मेलेल्या पेशी भक्षक पेशींनी वेळेवर गिळणे हे तिचे एक प्रमुख कारण आहे. हे गिळणे म्हणजे केवळ केरकचरा काढणे नव्हे. गिळलेल्या मृत पेशीमुळे भक्षक पेशीचे वर्तनच पालटते. लढणारी पेशी भरून काढणारी होते. व्रणचिकित्सा करणाऱ्या वैद्याला आणि 'प्रतिकारशक्तिवर्धक' म्हणून औषधे बनविणाऱ्या व विकणाऱ्या औषधव्यावसायिकाला या विषयाचे ज्ञान उपयुक्त ठरेल, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

पेशी मरण्याचे दोन मार्ग

प्रौढ मनुष्याच्या शरीरात दररोज सुमारे 33,000 कोटी पेशी मरतात व तितक्याच नव्या जन्माला येतात, असा अंदाज 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाने ही उलाढाल दिवसाला सुमारे 80 ग्रॅम भरते. यात रक्तातील पेशींचा वाटा सर्वांत मोठा असून, आतड्याच्या अंतस्त्वचेचा वाटा त्याखालोखाल आहे. एवढे मृत्यू रोज होत असूनही निरोगी माणसाच्या कोणत्याही अवयवात मृत पेशी साचलेल्या दिसत नाहीत. त्या दिसण्यापूर्वीच गिळल्या जातात.

पेशीमरणाचे स्थूलमानाने दोन प्रकार मानता येतात. आघात, दाह, रक्तपुरवठा तुटणे यांसारख्या कारणांनी पेशी फुगते, तिचे आवरण फुटते व आतील द्रव्ये आसमंतात सांडतात. यास नेक्रोसिस म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पेशी आकसते, तिचे केंद्रक तुकडे होऊन विभागले जाते आणि आवरण न फुटता लहान लहान पुटिका तयार होतात. या नियोजित मरणाला 1972 मध्ये केर, वायली आणि करी या तिघा शास्त्रज्ञांनी 'ॲपॉप्टोसिस' हे नाव दिले. झाडाची पाने गळणे असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे. एका सूक्ष्म गोलकृमीच्या वाढीत निर्माण होणाऱ्या 1,090 कायिक पेशींपैकी नेमक्या 131 पेशी ठरलेल्या वेळी मरतात, हे पुढे सिद्ध झाले. या कृमीवरील कार्याबद्दल ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन यांना 2002 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नियोजित रीतीने मेलेली पेशीही उचलली गेली नाही, तर काही काळाने तिचे आवरण फुटतेच. म्हणजे पहिल्या व दुसऱ्या प्रकारातील अंतर शेवटी भक्षक पेशीच्या तत्परतेवर अवलंबून राहते.

भक्षणाचे चार टप्पे

भक्षक पेशींचा शोध मेचनिकॉफ यांनी 1882 मध्ये सिसिलीतील मेसिना येथे लावला. तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला असता फिरत्या पेशी त्याभोवती गोळा होतात, हे त्यांनी पाहिले. 1908 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर दीर्घकाळ भक्षणाचा विचार मुख्यतः जंतूंच्या संदर्भातच झाला. मृत पेशींच्या भक्षणाला 'इफेरोसायटोसिस' हे स्वतंत्र नाव 2003 मध्ये मिळाले. प्रेत दफनासाठी वाहून नेणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून ते घेतले आहे. ही क्रिया पुढील चार टप्प्यांत समजून घेता येते.

आवाहन : मरणारी पेशी एटीपी, लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन यांसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात बाहेर सोडते. त्यांचा माग काढीत भक्षक पेशी तिच्यापर्यंत पोहोचते.

अभिज्ञान : जिवंत पेशीच्या आवरणाच्या आतल्या बाजूस असलेले फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेदद्रव्य मरणाऱ्या पेशीत बाहेरच्या बाजूस येते. हीच तिची मुख्य खूण होय. भक्षक पेशीवरील काही ग्राहक ही खूण स्वतः ओळखतात; 'मर-टीके'सारखे ग्राहक मात्र गॅस-6 व प्रोटीन-एस या दुवा साधणाऱ्या प्रथिनांच्या साहाय्याने ओळखतात. याउलट निरोगी पेशीवर 'सीडी-47' हे प्रथिन असते व ते भक्षकाला परावृत्त करते.

ग्रसन : भक्षक पेशी आपले आवरण पसरून मृत पेशीला वेढते व आत घेते.

पचन : गिळलेली पेशी आम्लयुक्त पुटिकेत विघटित होते आणि तिची द्रव्ये पुन्हा वापरात येतात.

यातील अखेरच्या टप्प्याचे सर्वांत परिचित उदाहरण रक्तातच आहे. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात. जीर्ण झालेल्या पेशी प्लीहा व यकृतातील महाभक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, गिळतात आणि त्यांतील लोह पुन्हा मज्जेकडे पाठवितात. आहारातून दररोज जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम लोह शोषले जाते. या भक्षणातून मात्र 20 ते 25 मिलिग्रॅम परत मिळते. नव्या रक्ताचा मुख्य आधार असा जुन्या रक्ताच्या पचनात आहे. रक्तवह स्रोतसांचे मूल यकृत व प्लीहा होत, हे चरकोक्त वचन शिकलेल्या वाचकांना ही माहिती विशेष रुचेल.

गिळल्यानंतर भक्षक पेशीत काय घडते?

प्रस्तुत विषयाचा गाभा येथे आहे. भक्षक पेशी जंतू गिळते तेव्हा ती टीएनएफ, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-12 यांसारखी शोथवर्धक द्रव्ये निर्माण करते आणि आणखी पेशींना युद्धावर बोलावते. तीच पेशी नियोजित रीतीने मेलेली पेशी गिळते तेव्हा याच्या विरुद्ध घडते. शोथवर्धक द्रव्ये कमी होतात आणि इंटरल्यूकिन-10, टीजीएफ-बीटा, प्रोस्टाग्लँडिन-ई2 ही शमन करणारी द्रव्ये वाढतात. 1997 व 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी हे स्पष्ट केले. भक्षक एकच, परंतु भक्ष्य बदलले की फल बदलते.

तीव्र शोथात न्यूट्रोफिल या श्वेतपेशी प्रथम धावून येतात. कार्य संपल्यावर त्या नियोजित रीतीने मरतात व मॅक्रोफेज त्यांना गिळतात, हे 1989 मध्ये दाखविले गेले. हे गिळणेच मॅक्रोफेजना कळविते की लढणारे कामी आले, आता डागडुजी सुरू करावी. फुप्फुसातील श्वसनक ज्वर उतरल्यावर तेथील ऊतक बहुधा पूर्ववत होते, त्यामागे ही यंत्रणा मोठा भाग घेते. वातरक्ताच्या ज्या स्वरूपास आज गाऊट म्हणतात, त्याचा तीव्र वेग उपचाराविनाही काही दिवसांत ओसरतो, त्याचे एक स्पष्टीकरणही याच भक्षणात आहे.

भक्षक पेशीलाही या भोजनाचा भार सोसावा लागतो. एक अख्खी पेशी गिळल्यावर तिच्या आतील कोलेस्टेरॉल एकाएकी वाढते. ते ओळखणारे ग्राहक जागृत होतात, जादा कोलेस्टेरॉल बाहेर टाकण्याची व्यवस्था करतात आणि त्याच वेळी शोथ शमविणारे आदेशही देतात. मृत पेशीतून मिळालेल्या आर्जिनिन या ॲमिनो आम्लापासून भक्षक पेशी पुट्रेसीन नावाचे द्रव्य बनविते व त्याच्या बळावर पुढची मृत पेशी गिळण्यास समर्थ होते, असे 2020 मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आढळले. म्हणजे पहिला घास नीट पचला, तरच दुसरा घेता येतो.

आणखी दोन निष्कर्ष उल्लेखनीय आहेत. 2016 मध्ये फळमाशीच्या भ्रूणावर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, ज्या भक्षक पेशींनी पूर्वी एकही मृत पेशी गिळलेली नाही, त्या जखमेकडे वा जंतूंकडे नीट वळतच नाहीत. मृत पेशी गिळल्याची एक प्रकारची स्मृती त्यांच्यात राहते व तीच त्यांना पुढील कार्यास सिद्ध करते. तसेच 2017 मध्ये उंदरांत असे सिद्ध झाले की, ऊतक भरून काढण्याचे काम मॅक्रोफेजनी हाती घेण्यासाठी इंटरल्यूकिन-4 वा तत्सम आदेश पुरेसा नसतो. मृत पेशींचा स्पर्शही त्यासोबत लागतो. यास्तव मृत पेशींचे भक्षण नेहमी 'शामक' असते असे ढोबळ विधान करू नये. ते भक्षक पेशीला परिस्थितीची वार्ता देते, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

भक्षण अपुरे राहिल्यास

मृत पेशी वेळेत उचलल्या न गेल्यास त्या फुटतात. आतील डीएनए, केंद्रकातील प्रथिने, यूरिक आम्ल इत्यादी द्रव्ये बाहेर पडतात व शोथ नव्याने पेटतो. अशा विकारांची काही निश्चित उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत.

1) ल्युपस : मृत पेशींवर चिकटून भक्षकाला साहाय्य करणारे 'सी-1-क्यू' हे प्रथिन ज्यांच्यात जन्मतःच नसते, अशा बहुसंख्य व्यक्तींना ल्युपस होतो. न उचललेल्या केंद्रकद्रव्यांविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी त्वचेतील पेशी मोठ्या संख्येने मरतात. या रुग्णांचा विकार उन्हाने का उफाळतो, हे यावरून उमगते.

2) धमनीकाठिण्य : धमनीच्या भित्तीत मेद गिळून मेलेल्या मॅक्रोफेज पेशी उचलल्या न गेल्यास तेथे मृत द्रव्याचा गाभा साचतो. असा थर फुटण्याचा संभव अधिक असतो व त्यातून हृदयविकाराचा झटका येतो.

3) दृष्टिपटलाचा विकार : डोळ्यातील रंगद्रव्यस्तराच्या पेशी प्रकाशग्राही पेशींची जीर्ण टोके दररोज गिळतात. 'मर-टीके' जनुकातील दोषामुळे हे थांबल्यास रातांधळेपणाने सुरू होणारा व क्रमाने दृष्टी नेणारा रेटिनायटिस पिगमेंटोझा हा रोग होतो, हे 2000 मध्ये कळले.

4) मधुमेहजन्य व्रण : मधुमेही उंदरांच्या जखमांतील मॅक्रोफेज मृत पेशी नीट गिळत नाहीत, जखमेत मृत पेशींचा भार वाढतो व शोथ लांबतो, हे 2010 मध्ये आढळले. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, डेंड्रायटिक पेशींवरील भक्षणास आवर घालणाऱ्या एका वाहक प्रथिनाला रोखले असता मधुमेही उंदरांच्या जखमा लवकर भरल्या.

याची दुसरी बाजूही सांगणे अवश्य आहे. भक्षणानंतर येणारी शांतता सर्वदा हितकारक नसते. अर्बुदात मृत पेशींच्या भक्षणाने निर्माण होणारी शांतता कर्करोगाच्या पथ्यावर पडते. कालाजाराचा लीशमानिया परजीवी तर मृत पेशीची खूण अंगावर मिरवून भक्षक पेशीत बिनबोभाट शिरतो. तेव्हा ही क्रिया 'वाढविणे' हे सर्व रोगांतील इष्ट ध्येय मानता येणार नाही.

आयुर्वेदीय विचार : साम्य आणि मर्यादा

झिजणे हा शरीराचा स्वभाव असल्याचे 'शरीर' या शब्दाची व्युत्पत्तीच सांगते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात स्वभावोपरमवाद आला आहे. भावांच्या उत्पत्तीला कारण लागते, त्यांच्या निरोधाला लागत नाही. विषम धातूंची परंपरा खंडित करून सम धातूंची परंपरा सुरू करणे हे चिकित्सेचे प्रयोजन होय, असा त्याचा आशय आहे. ॲपॉप्टोसिस म्हणजेच स्वभावोपरम, असे समीकरण काही ठिकाणी मांडले जाते. ते ग्राह्य नाही. नियोजित पेशीमरणाला विशिष्ट विकरे लागतात, ऊर्जा लागते. ते कारणाविना घडत नाही. साम्य आहे ते एवढेच की, नाश हा नित्य व स्वाभाविक असून, वैद्याचे कार्य नाशानंतर काय उत्पन्न होते याकडे पाहण्याचे आहे.

हाच सावधपणा 'आम' या संकल्पनेबाबत बाळगावा. न उचललेली मृत पेशी म्हणजे आम नव्हे. आमाची संकल्पना अग्निमांद्याशी निगडित व कितीतरी व्यापक आहे. अपक्व द्रव्य साचून विकार उत्पन्न होतो, हे सादृश्य विचाराला चालना देण्यापुरते उपयुक्त आहे. पुरावा म्हणून नव्हे.

सुश्रुताचा क्रम मात्र या विषयाच्या अधिक निकट आहे. व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व या अवस्था ओळखण्यावर त्याचा भर आहे. आम शोथ छेदणारा आणि पक्व शोथाची उपेक्षा करणारा, अशा दोघांचीही तो निर्भर्त्सना करतो. विम्लापनापासून वैकृतापहापर्यंतच्या सात उपक्रमांत शोधन हे रोपणाच्या आधी येते. सुश्रुताला पेशी ज्ञात नव्हत्या. परंतु शुद्ध झाल्याविना व्रण रुजत नाही, हे त्याचे निरीक्षण होते. शोधनातूनच रोपणाचा आदेश निघतो, एवढी भर आता पेशीविज्ञानाने त्यात घातली आहे.

चिकित्साव्यवहारातील उपयोग

भक्षक पेशी एकेकटी मृत पेशी गिळू शकते. व्रणावर साचलेला पिवळा वा काळा मृत मांसाचा थर गिळणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. असा थर तसाच ठेवून त्यावर रोपण तेल वा घृत लावीत राहणे हे क्रमाला सोडून होय. प्रथम यथायोग्य शोधन व आवश्यक तेथे शस्त्राने निर्हरण, मगच रोपण, हा दंडक मोडू नये.

मधुमेही रुग्णाच्या पायावरील व्रणात केवळ स्थानिक उपचारांवर विसंबणे धोक्याचे आहे. रक्तशर्करा आटोक्यात नसेल, पायाच्या नाडीचे स्पंदन लागत नसेल वा तळव्याची संवेदना गेली असेल, तर भक्षक पेशींना कार्य करण्यास अनुकूल भूमीच उरत नाही. व्रण काळवंडणे, दुर्गंधी, ज्वर, वर चढत जाणारी लाली किंवा तळाशी हाड लागणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णाला त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. दोन-चार दिवस वाट पाहण्यात पाय गमावला जाऊ शकतो.

शोथ हा सर्वकाळ शत्रू मानू नये. आरंभीचा शोथ आवश्यक असतो. लांबलेला घातक असतो. यास्तव 'शोथ किती' याच्या जोडीने 'शोथ कितव्या दिवशी किती' ही नोंद रुग्णपत्रिकेत असावी. व्रणाची लांबी, रुंदी, तळाचा रंग व स्राव यांची दर आठवड्याची नोंद ठेवल्यास लांबलेला शोथ वेळीच ध्यानात येतो.

ल्युपसच्या रुग्णांनी आतपसेवन वर्ज्य करावे, हा उपदेश आग्रहाने करावा. चालू असलेली स्टेरॉइड वा हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही औषधे वैद्याच्या सांगण्यावरून एकाएकी थांबविली जाता कामा नयेत. या रुग्णांत प्रतिकारयंत्रणा दुर्बल नसून दिशाहीन झालेली असते. त्यांना सरसकट 'प्रतिकारशक्ती वाढविणारी' औषधे देणे हे निदान न समजल्याचे लक्षण होय.

औषधनिर्मात्यांसाठी दोन शब्द

वनौषधींच्या 'प्रतिकारशक्तिवर्धक' गुणाच्या समर्थनार्थ उंदरांवरील कार्बन क्लिअरन्स चाचणी किंवा भक्षक पेशींनी यीस्ट गिळण्याची चाचणी पुढे केली जाते. या चाचण्या परकीय कण वा जंतू गिळण्याची क्षमता मोजतात. मृत पेशी गिळण्याची क्षमता त्यांतून कळत नाही. आणि वर पाहिल्याप्रमाणे या दोन भक्षणांची फले परस्परविरुद्ध आहेत. 'भक्षणक्षमता वाढली' एवढ्यावरून औषध शोथ वाढवील की शमवील, हे सांगता येत नाही. एखाद्या योगाबाबत तसा दावा करावयाचा झाल्यास मॅक्रोफेजना नियोजित रीतीने मेलेल्या पेशी देऊन किती गिळल्या गेल्या ते मोजावे, सोबत टीएनएफ व इंटरल्यूकिन-10 यांचे मापन करावे आणि त्यानंतर रुग्णांवर तुलनात्मक अभ्यास करावा. परीक्षानळीतील फल रुग्णाच्या व्रणात तसेच उतरेल, असे गृहीत धरू नये.

मधुमेह, कर्करोग यांसारखे रोग बरे करण्याची जाहिरात 1954 च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमानुसार निषिद्ध आहे, हे सर्वांस ज्ञात आहे. 'मृत पेशी काढून टाकणारे', 'शरीर पेशीपातळीवर स्वच्छ करणारे' अशी नवी वाक्ये वेष्टनावर येऊ लागली की ती कायद्याच्या कक्षेत बसतात की नाही हा प्रश्न वेगळा. ती खरी आहेत का, हा प्रश्न आधीचा आहे. अशा वाक्यावर विश्वास ठेवून व्रणाचा रुग्ण जेवढे दिवस घरी थांबतो, तेवढे त्याचे नुकसान होते, व त्याचा दोष शेवटी शास्त्राच्या माथी येतो.

उपसंहार

सारांश, शोथ हा आपोआप विझत नाही, तो विझविला जातो. त्यासाठी कामी आलेल्या पेशींचे वेळेवर भक्षण, त्यांचे सम्यक् पचन आणि त्यातून भक्षक पेशीला मिळणारा पुनर्निर्माणाचा आदेश, ही शृंखला अखंड राहावी लागते. ती कोठे तुटली आहे हे रुग्णागणिक शोधणे हे वैद्याचे काम आहे. शोधनानंतर रोपण हा क्रम आपण परंपरेने पाळीत आलो आहोत. तो का पाळावयाचा हे ठाऊक झाल्यावर तो अधिक काटेकोरपणे पाळला जावा, एवढीच अपेक्षा.